बत्तीस कोरवाली

लोणावळ्याच्या बाजारात एका चिक्कीच्या दुकानाच्या डोक्यावर रियाजचं कॉम्प्युटरचं दुकान आहे. जिना असा अरुंद, की वरून कुणी उतरत असेल तर खालच्यानं मुकाट रस्त्यावर थांबायचं. भाताची झोडणी उरकल्यावर एका सकाळी त्या दुकानात तीन माणसं उभी होती आणि त्यातल्या दोघांचं एकमत झालं होतं.

"ताई, माझं ऐका, साधाच प्रोसेसर घ्या," रियाज सांगत होता. "सोळा कोरचा. एकदम फास्ट. घरच्या विजेवर निभतो, फार तापत नाही. तो बत्तीस कोरचा, अवजड कामाच्या मशीनचा, वर्कस्टेशनवाला तुमच्या कामाला नाही. धंदा माझाच आहे, मोठा विकला तर मलाच बरं. तरी सांगतोय."

"मी तरी येगळं काय सांगतोय कवाधरनं?" बजरंग म्हणाला. "तुला कशाला गं एवढं मोठं?"

झालं! हा प्रश्न बजरंगनं विचारायला नको होता. माणूस तसा देवभोळा, तळेगावच्या कारखान्यात नाकासमोर जाऊन येणारा, बायकोवर जीव असणारा. पण इतकी वर्षं संसार करून कुठल्या शब्दाला बायकोचं माथं फिरतं एवढं तरी ठाऊक असावं की नाही! अनितानं खांद्यावरची पिशवी काउंटरवर आपटली.

"कशाला ते दावते," ती म्हणाली. "रियाजभाई, दोन्ही मशिनी चालू करा."

हे 'तुला कशाला' अनिताच्या मागं लागलंय ते परंदवडीपासून. परंदवडी तिचं माहेर. तिघी पोरी आणि एक पोरगा असं घर. आई भाकरी थापायची आणि वाढायचीही तीच. बापाला अख्खी, भावाला अख्खी, पोरींना चतकोर. भाकरीचा चौथा हिस्सा तो चतकोर. त्याच्याहूनही बारका तुकडा राहिला की ती कोर, आणि ती कोर बहुतेक वेळा आईच्याच वाट्याला. पोरींना पुन्हा मागितली तर मिळायची, नाही असं नाही. पण मागावी लागायची, आणि मागितली की आई एकदा टोपलीकडं बघायची. त्या बघण्यानंच पोरींची भूक मरायची.

एकदा अनितानं विचारलं, "मला अख्खी का न्हाई?"

"तुला कशाला गं अख्खी? तुला कुटं औताला जायचंय?"

दुसऱ्या दिवशी ही बया उजाडताच बापाच्या मागं शेतात गेली, दुपारपर्यंत बैलांच्या पुढं चालली, ढेकळात पडून गुडघे फोडून घेतले, घरी आली आणि ताट घेऊन बसली. "गेलते औताला. वाढ अख्खी." आईला हसू आवरेना. त्या दिवशी अख्खी मिळाली, आणि दुसऱ्या दिवसापासून परत चतकोर. पण अख्खी मिळू शकते हे पोरीला कळलं, आणि ते कळलेलं नंतर कुणाला पुसता आलं नाही.

दहावीनंतर घरच्यांनी शिवणक्लास ठरवला, तर हिनं आयटीआयला नकाशे काढायच्या कोर्सचा फॉर्म भरला. "नकाशे तुला कशाला? तलाठी व्हणारेस का?" झालंच. लग्न होऊन वडिवळ्याला आली आणि काही वर्षांनी कामशेतला झेरॉक्सच्या दुकानात बसून बंगल्यांचे प्लॅन काढायला लागली. "सुनेला पगार कशाला?" पुन्हा झालंच. हा प्रश्न विचारणारी माणसं बदलत गेली. अनिता मात्र दरवेळी तो एखाद्यानं शिवी हासडावी तसा ऐकायची आणि जे करायचं ते करून मोकळी व्हायची.

मग ड्रोन आले. डोंगरावर, धरणावर, शेतांवर भिरभिरून हजारो फोटो काढतात आणि जातात. पण फोटो म्हणजे नकाशा नव्हे. कुणीतरी बसून ते जोडावे लागतात. या फोटोतला दगड त्या फोटोत कुठं, या फोटोतली विहीर पुढच्यात कुठं, हे कॉम्प्युटर शोधतो आणि सगळं मिळून एक चित्र करतो. अनिता हे काम शिकली. पुण्यातल्या एका कंपनीचं काम घरी येऊ लागलं आणि वडिवळ्याच्या घरात, स्वयंपाकघराला लागून असलेल्या पडवीत, तिचा जुना कॉम्प्युटर दिवसभर घरघरायला लागला.

पण त्या कॉम्प्युटरची ताकद बेताची. हजारो फोटो एकदम टाकले की मान टाकायचा. म्हणून कंपनी मुलखाचे तुकडे करायची आणि एकेक तुकडा हिच्याकडं धाडायची. ही तुकडा करून परत द्यायची. सगळे तुकडे जोडून शेवटचा नकाशा पुण्यात व्हायचा आणि जोडणाऱ्याचं नाव नकाशाच्या कोपऱ्यात पडायचं. कंपनीतल्या अनघा मॅडम स्वभावाला चांगल्या, पैसेही वेळेवर देणाऱ्या. पण एकदा फोनवर दुसऱ्या कुणाला सांगताना त्यांचा आवाज अनिताला ऐकू आला. "थांब, आपल्या तुकडेवाल्या ताई लाइनवर आहेत." तुकडेवाल्या ताई! त्या दिवशी अनिता धड जेवली नाही.

आणि मग जांभळीचं ते प्रकरण झालं.

वडिवळ्याच्या शिवाराचा असाच तुकड्या-तुकड्यांनी झालेला नकाशा कंपनीनं मोठ्या फ्लेक्सवर छापून दिला आणि लोकांनी तो देवळाच्या भिंतीला लावला. अख्खं गाव जमलं. जो तो आपलं भाताचं खाचर शोधतोय, आपली गोठ्याची पत्र्याची शेड दाखवतोय. अनिताची सासू कस्तुराबाई पण पदर खोचून पुढं झाली. आपल्या सुनेनं केलेला नकाशा म्हणून चारचौघींना सांगत झाली. बांधावरचं तिचं जांभळीचं झाड तिला शोधायचं होतं. या घरात नवी नवरी म्हणून आली त्या सालात तिनं स्वतः लावलेलं, घागरीनं पाणी घालून जगवलेलं.

ते नकाशात नव्हतं. झाडही नव्हतं आणि झाडाखालची बांधाची पट्टीही नव्हती. दोन तुकडे जिथं जोडले तिथं नेमकी ती पट्टी गिळली गेली होती. इकडचं खाचर थेट तिकडच्या खाचराला जाऊन भिडलं होतं.

"माजी जांभळ कुटंय?" कस्तुराबाईनं विचारलं.

शेजारच्या खाचराचा मालक पप्पू मागंच उभा होता. त्याच्या जिभेला कधी हाड नव्हतं. "मावशी, वैनींनी तुमचा बांधच कोरला की! लोकं नांगरानं कोरत्यात, ह्यांनी कॉम्प्युटरनं कोरला!"

देवळापुढं हशा पिकला. बांध कोरणं म्हणजे काय ते मावळात कुणाला सांगायला लागत नाही. नांगरताना दरसाल वीतभर शेजाऱ्याच्या बांधाला फाळ लावायचा आणि गपचूप आपलं रान वाढवायचं. ती चोरी सुनेच्या नावावर, आणि तीही सासूच्या बांधाची! कस्तुराबाई तडक घरी गेली. त्या दिवसापासून ती अनिताशी थेट बोलेना. काही सांगायचंच असलं तर भिंतीला सांगायची. "कुनीतरी कोंबड्या झाका म्हनावं."

अनितानं पुण्याला फोन केला, भांडली. तिकडून उत्तर आलं, तुमचा तुकडाच काठाला कमी आला असणार. म्हणजे जोडताना गिळलं त्यांनी आणि नाव हिचं! आणि गावात सांगणार काय? "माझी चूक न्हाई, जोडणाऱ्याची हाय," असं? गाव म्हणणार, मग तू काय करतेस तितं?

अशात अनघा मॅडमचा फोन आला. अख्ख्या नाणे मावळाचा नकाशा करायचाय, पाणी कुठून कसं उतरतं ते बघायला. कामशेतपासून धरणापर्यंत आणि वर थेट कड्यांपर्यंत, अख्खी दरी. "तुला नेहमीसारखे तुकडे पाठवते," मॅडम म्हणाल्या.

"मला अख्खी दरी द्या," अनिता म्हणाली.

"अगं, पण तुझ्याकडे तेवढं मशीन कुठंय?"

"येईल."

मॅडमनी तारखा बघितल्या. मग म्हणाल्या, "बरं. फोटो डिस्कवर पाठवते. अख्खी दरी एकसंध करून या महिन्यात दाखवलीस तर काम तुझं. नाहीतर इथं होईल."

तर ती डिस्क आता अनिताच्या पिशवीत होती, आणि पिशवी रियाजच्या काउंटरवर. साधं मशीन रियाजकडं होतंच. वर्कस्टेशनचं मशीन खंडाळ्याच्या बंगल्यात बसून कार्टून करणाऱ्या एका गिऱ्हाइकासाठी जोडून ठेवलेलं होतं. त्या गिऱ्हाइकाला फोन करून रियाजनं परवानगी घेतली आणि म्हणाला, "चला ताई, लावा शर्यत."

आधी अनितानं नेहमीसारखा एक तुकडा दोन्हीकडं लावला. साधं मशीन पुढं! चहावाला कप ठेवून गेला, चहा पिऊन झाला, तेवढ्यात त्याचं काम संपलंसुद्धा. बत्तीस कोरवालं अजून घुमतच होतं.

"बघितलंस?" बजरंगचा चेहरा असा खुलला, जसं काही ते मशीन त्यानंच पळवलं होतं.

रियाजनं समजावून सांगितलं, आणि खरं तेच सांगितलं. प्रोसेसर म्हणजे कॉम्प्युटरचं डोकं आणि कोर म्हणजे त्यातले कामाला लागलेले गडी. "तुमच्या कामात ताई, बराच वेळ एकच गडी राबतो आणि बाकीचे बघत बसतात. साध्यातला एकेक गडी मोठ्यातल्या एकेका गड्यापेक्षा चपळ आहे. म्हणून बारक्या कामाला साधाच जिंकणार. उगाच मोठ्याच्या नादाला लागू नका."

"कबूल," अनिता म्हणाली. "एकदम कबूल. आता ही डिस्क लावा."

साध्या मशीनला अख्खी दरी घातली. सुरुवात झोकात झाली. मग हळूहळू मेमरी भरत गेली. मेमरी म्हणजे काम पसरायची जागा. ती काठोकाठ भरली, मशीन कण्हायला लागलं आणि शेवटी पडद्यावर एक ओळ टाकून बंद पडलं. रियाजनं ओठ चावला. "मेमरी वाढवू आपण. पण याच्या बोर्डाला खाचाच चार. त्या भरल्या की संपलं. वर्कस्टेशनला आठ असतात." मग त्याला वाटलं, आपण एक सोपा रस्ता सांगावा. "एवढं कशाला पण? तुकडे करून चालवा ना ताई. नंतर जोडायचे. काय फरक पडतो?"

आता मात्र अनिताचा बांध फुटला.

"काय फरक पडतो? रियाजभाई, त्या फरकात माझ्या सासूची जांभळ गेली! अख्ख्या गावानं दात काढले. तुकडे करून चालतंय म्हणून मला आजवर तुकडेच दिले सगळ्यांनी. माझ्या आईनं दिले, पुण्याच्या कंपनीनं दिले, आता तुम्ही पण तेच सांगा! मघाशी साधा जिंकला ना? जिंकणारच. कारण शर्यत कसली होती? जे काम मला देतात त्याची. त्याला साधा पुरतोच. मला जे काम देत नाहीत, त्याच्यासाठी मला मशीन घ्यायचंय. ते काम ह्याच्यावर होत असंल तर आत्ता घेते, सांगा."

रियाजनं डिस्क काढून मुकाट्यानं मोठ्या मशीनला लावली.

ते मशीन काही चित्त्यासारखं पळालं नाही. घुमत राहिलं, गरम हवा ओकत राहिलं. दुपारी तिघांनी खाली जाऊन वडापाव खाल्ले, परत वर आले, ते घुमतंच होतं. बजरंगनं दोनदा घड्याळ बघितलं. पण ते थांबलं नाही. सगळ्या बत्तीस कोर कामाला लागल्या होत्या, मेमरीत जागा होती, आणि संध्याकाळी पडद्यावर दरी उभी राहिली. धरणाचं पाणी, त्याच्या काठचं वडिवळे, कामशेतकडं जाणारा रस्ता, दोन्ही अंगाचे कडे. मध्ये कुठं जोड नाही, कुठं शिवण नाही. बजरंग पुढं वाकून बघत राहिला. त्याचा जन्म त्या दरीत गेला होता आणि त्यानं ती अशी एका नजरेत कधी बघितली नव्हती.

"ताई," रियाज म्हणाला, "गिऱ्हाइकाला स्वस्तातलं पटवणारा दुकानदार मी, आणि त्याच्याकडून हट्टानं महागातलं घेणारं गिऱ्हाईक तुम्ही. आपल्या दोघांची मिरवणूक काढायला पाहिजे." मग गंभीर होऊन त्यानं अडचणीही सांगितल्या. वीज जास्त खाणार. बारकी कामं हळू करणार. आणि ओल त्याला अजिबात चालणार नाही. "वडिवळ्याच्या पावसात पडवीत ठेवाल तर बुरशी खाईल त्याला."

पैशाचा प्रश्न नव्हता, पैसा अनिताच्या कामाचा होता आणि तिनं तो याच्यासाठीच बाजूला ठेवलेला होता. प्रश्न ओलीचा होता. घरात पावसाळाभर कोरडी राहणारी खोली एकच, आणि तिच्यात कस्तुराबाईची भाताची कणगी. त्या खोलीत माणसाला चप्पल घालून जायची मुभा नव्हती, तिथं मशीन कोण जाऊ देतंय!

"आईला इचारल्याबिगर न्हाई," बजरंग म्हणाला. एवढं बोलून त्यानं प्रकरण आपल्या अंगावरून झटकलं.

घरी आले तेव्हा कस्तुराबाई चुलीपुढं बसून तांदळाच्या भाकरी थापत होती. बजरंगनं शेजारी पाट ओढला. "आई, ही बत्तीस कोरची मशीन घ्यायची म्हनती. आनि ती कणगीच्या खोलीत ठिवायची म्हनती."

कस्तुराबाईचा हात थांबला. सवयीप्रमाणं ती भिंतीला म्हणाली, "बत्तीस कोरी? येका भाकरीच्या बत्तीस कोरी केल्यावर कुनाच्या तोंडाला चव लागायची हाय का?"

बजरंगनं मांडीवर थाप मारली. "बगा! रियाज पन मगाशी ह्येच म्हनत व्हता!"

अनिता चिडली नाही. चुलीच्या पलीकडं जाऊन सासूच्या समोर मांडी घालून बसली, म्हणजे आता भिंतीशी बोलायचं तर हिच्या डोक्यावरून बोलावं लागणार. "आत्या, कोरीचं सोडा. ही परात बगा. लग्नाच्या जेवनाचं पीठ हिच्यात मळाल का?"

कस्तुराबाईला राहवेना. स्वयंपाकाचा प्रश्न आणि उत्तर भिंतीला द्यायचं? "हिच्यात कसं मावंल? चार येळा मळावं लागंल."

"आनि चारी येळंचं पीठ सारखं हुईल?"

"कशाचं सारखं! येकात मीठ जादा, येक सैल, येक घट्ट. गोळ्याला गोळा मिळायचा न्हाई."

"तसंच झालं आत्या. माजी परात ल्हान. सगळं शिवार एकदम मावंना, म्हनून तुकड्या-तुकड्यानं मळलं. मग पुन्यात गोळ्याला गोळा चिकटवला आनि तुमची जांभळ दोन गोळ्यांच्या मदी दबली. कोरी बत्तीस हायेत म्हनून न्हाई घेत मी ती मशीन. परात मोटी हाय म्हनून घेते."

कस्तुराबाई तिच्याकडं बघत राहिली. तव्यावरची भाकरी करपायला लागली, बजरंगनं हात भाजून घेत ती उलटली.

"म्हंजी," म्हातारी हळू आवाजात म्हणाली, "तू काडली न्हाईस?"

"मी कशाला काडीन, आत्या?"

"मला वाटलं, म्हातारीचं झाड. नकाशात कशाला दावायचं, आसं वाटलं आसंल तुमाला."

पप्पूच्या थट्टेचा राग म्हणून सासू बोलत नाही, असंच अनिता समजून चालली होती. म्हातारी मनात वेगळंच घेऊन बसली होती. तोच प्रश्न, तेच 'कशाला', या बाईनंही जन्मभर ऐकलेलं, आणि या वेळी ते सुनेच्या तोंडचं वाटलेलं. ती काही बोलायच्या आत कस्तुराबाईनं पुढचं विचारलं.

"मोट्या परातीत ऱ्हाईल माजी जांभळ?"

"ऱ्हाईल."

"मंग बसलायस काय?" कस्तुराबाई लेकावर खेकसली. "ऊठ, कणगी हलीव!"

बजरंगनं दोन गडी बोलावून कणगी सरकवली, कामशेतच्या वायरमनकडून वेगळी लाइन ओढून घेतली. रियाजनं जोडून दिलेलं बत्तीस कोरचं नवं मशीन भाताच्या वासात येऊन बसलं. गावात बातमी फिरायला कितीसा वेळ! पप्पूनं रस्त्यात हाळी दिली, "काय बत्तीस कोरवाली, आता कुनाचा बांध कोरायचा?" अनिता म्हणाली, "बगू, कुनाचा निगतोय." आणि चालती झाली.

दरी एकसंध होऊन पुण्याला गेली. अनघा मॅडमचा लगेच फोन. "काय सुंदर आलंय गं! कुठं करून घेतलंस?"

"माझ्या घरी. कणगीच्या खोलीत."

मॅडम हसल्या. मग म्हणाल्या, "काम तुझंच. फक्त कोपऱ्यात नाव ऑफिसचं पडेल हं, आपली पद्धत आहे तशी."

"जोडणाऱ्याचं नाव पडतं अशी पद्धत आहे, मॅडम. तुम्हीच सांगितलेली. जोडलंय मी."

"अगं, तुला नाव कशाला..."

"मॅडम," अनिता म्हणाली, "मागच्या वेळी जांभूळ गेली तेव्हा माझं नाव बरं आठवलं सगळ्यांना. आता दरी आली, तर आत्ताही आठवा. नाहीतर पुढची दरी तुमच्याकडेच जोडा."

काम गेलं तर कणगीच्या खोलीत एवढं मोठं मशीन घेऊन अनिता करणार काय होती? पण तोंडातून शब्द गेला होता आणि तो परत घ्यायचा तिचा विचार नव्हता. शेवटी मॅडम म्हणाल्या, "नाव पूर्ण कसं लिहू ते पाठव."

नवा फ्लेक्स देवळाच्या भिंतीला लागला तेव्हा पुन्हा गाव जमलं. खालच्या कोपऱ्यात लिहिलेलं होतं: अनिता बजरंग शेलार, वडिवळे. पण ते आधी कुणी वाचलंच नाही, कारण कस्तुराबाई सगळ्यांना बाजूला सारत पुढं गेली होती आणि तिचं बोट शिवारावरून फिरत होतं. धरणाचा पाट, पाटाच्या खाली खाचरं, आणि तिथं एक गोल हिरवा ठिपका.

"ही बगा माजी जांभळ," ती म्हणाली. एवढं म्हणून तिनं डोळ्याला पदर लावला. बायका पुढं सरकल्या, कुणी कुणी बोट लावून बघितलं.

पदर खाली आला तेव्हा म्हातारीचं बोट परत भिंतीवर गेलं आणि या वेळी ते झाडापासून बांधाबांधानं चालायला लागलं. बांधाच्या एका टोकाला हद्दीचा दगड. दगडापासून बांध सुतासारखा सरळ निघालेला. मग पप्पूच्या खाचराच्या अंगाला तो एकाएकी आत वळलेला, चांगलं पोट आल्यासारखा कस्तुराबाईच्या रानात घुसलेला, आणि जांभळीपाशी येऊन पुन्हा सरळ. जमिनीवरून चालताना हे कुणाच्या ध्यानात येत नव्हतं. वरून बघितल्यावर लपत नव्हतं. मागच्या नकाशात नेमकी हीच पट्टी गिळली गेली होती.

"पप्पू," कस्तुराबाई म्हणाली, "हितं ये रं. ह्ये काय हाय?"

पप्पू पुढं आला, वाकून बघितलं, आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. "कॉम्प्युटरची चूक असंल, मावशी."

"आस्सं? चूक व्हती तवा तू म्हनलास सुनंनं बांध कोरला. आता नीट दिसाया लागलं तर म्हनतोस चूक? ही मशीन बत्तीस कोरींची हाय, मी सोता इचारून घेतलंय. बत्तीसच्या बत्तीस माज्या घरात हायेत." तिनं बांधाच्या पोटावर बोट टेकवलं. "मंग ही तेहतिसावी कोर कुनाची रं?"

देवळापुढं असा हशा उसळला की पलीकडच्या झाडावरचे कावळे उडाले. पप्पूनं आधी मान खाली घातली, मग तोही कसनुसा हसला. करणार काय बिचारा!

"उद्या सकाळी दोरी आनि कुदळ घिऊन ये," कस्तुराबाईनं सांगितलं. "बांध व्हता तसा घालून दे. आनि घरनं जेवून ये. आमच्यात आता सुनंसकट समद्यांना अख्खी भाकर लागती, तुज्यासाटी उरायची न्हाई."